मिनियापोलिसची थंडी, एक खोटी भाषा आणि तिच्यातले दोन ‘आम्ही’

इथे अमेरिकेत, मिनियापोलिसला, बाहेर उणे बावीस, खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फाची नक्षी, आणि टेबलाभोवती आम्ही सहा जण वीस बाजूंचा फासा टाकत बसलोय. आई दर फोनला विचारते की शनिवारी तुम्ही नक्की करता काय, तर हे करतो. भातुकली आठवा, तसंच प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, फक्त इथे नियमांचं जाडजूड पुस्तक असतं, फासे असतात आणि एक जण सगळी गोष्ट चालवतो. त्याला गेममास्टर म्हणतात, मी सरळ मास्तर म्हणते, त्याला वाटतं ती त्याच्याच शब्दाची मराठी आवृत्ती आहे. असू दे.

आणि हे खूळ इकडच्या मातीतलंच आहे बरं का. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा असलाच खेळ 1974 ला आला, त्याच्या दोन कर्त्यांपैकी डेव्ह आर्नेसन शेजारच्या सेंट पॉलचा. इथली माणसं हिवाळ्यात तळघरात बसून काय करणार, त्यातूनच असलं काहीतरी निघतं असं माझं स्पष्ट मत आहे.

तर मागच्या ऑक्टोबरात मास्तर म्हणाला, तुला चार भाषा येतात ना, मग आपल्या खेळातल्या जगात नदीकाठी राहणाऱ्या लोकांची भाषा तू बनव. झालं. मी लगेच एक्सेल उघडलं. सात विभक्त्या, तीन लिंगं, क्रियापदाचे काळ, दोन आठवडे ऑफिसातून आल्यावर हेच, नवरा भाजी फोडणीला टाकतोय आणि मी चतुर्थीचा प्रत्यय ठरवतेय. अकरा पानं झाली. सगळ्यांना पाठवली. कोणीही वाचली नाहीत. एकाने अंगठा दाखवला, तो वर केलेला असला तरी मला कळायचं ते कळलं.

चूक माझीच होती. खेळणाऱ्याला व्याकरण नको असतं, त्याला नावं हवी असतात. गावाचं, नदीचं, म्हातारीचं, शिवीचं. आणि ती नावं एकाच घरातली वाटली पाहिजेत, म्हणजे कुठलीही अक्षरं एकत्र करून मधे एक स्वल्पविरामासारखं चिन्ह टाकलं की झालं असं नाही (इंग्रजी फँटसीत ही फार जुनी खोड आहे). मग मी सगळं फाडून पहिल्यापासून सुरू केलं. आधी आवाज ठरवले, कुठले आहेत आणि मुख्य म्हणजे कुठले नाहीत. माझ्या नदीवाल्यांकडे ‘ग’ नाही, ‘ब’ नाही. मग चाळीसेक मूळ शब्द. आणि मग त्यांना जुनं केलं.

जुनं करणं म्हणजे काय, तर सप्तचं सत्त झालं आणि सत्तचं सात, हस्तचं हत्थ आणि मग हात, कर्मचं कम्म आणि मग काम. जोडाक्षर घासून निघतं आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर लांबतो. शाळेत हे कोणी इतकं सरळ सांगितलं असतं तर मी मराठीत जास्त मार्क मिळवले असते. तोच नियम मी माझ्या शब्दांना लावला. पूल म्हणजे ‘मक्ती’, त्याचं मत्ती, त्याचं ‘माती’! त्यांच्या भाषेत पुलाला माती म्हणतात आता. टेबलावर एकटी मीच हसले.

नावांची खरी शिकवणी मात्र या गावानेच दिली. ‘म्नी’ म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, डकोटा लोकांच्या भाषेत पाणी, त्याला ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे शहर जोडलं की मिनियापोलिस, आपल्या डबलरोटीसारखं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. हेनेपिन हे आमच्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं नाव एका पाद्र्यावरून आलेलं. उत्तरेला गेलं की लिंडस्ट्रॉम नावाचं स्वीडिश वळणाचं गाव, त्याच्या पाटीवर ‘ओ’वरचे दोन टिंब गायब झाले म्हणून लोक इतके चिडले की 2015 मध्ये गव्हर्नरने आदेश काढून ते परत लावायला लावले. दोन टिंबांसाठी! आणि मी जिथे चालायला जाते ते तळं आधी गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाच्या नावाने होतं, ते आता परत जुन्या डकोटा नावाने ब्दे माका स्का झालंय, म्हणजे पांढऱ्या मातीचं तळं. कोण कधी आलं, कोणाला हाकललं, हे नकाशावर असं थरांनी दिसतं. मग माझ्या खेळातल्या नकाशावर मी जिंकणाऱ्यांची नावं फक्त किल्ल्यांना दिली, पाण्याला जुनीच ठेवली.

इथल्या विद्यापीठातला एक उर्दूचा प्राध्यापक तर सांगायलाच हवा. एम. ए. आर. बार्कर, क्लामाथ या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या भाषेचं व्याकरण आणि कोश करणारा, उर्दूचं पाठ्यपुस्तक लिहिणारा, इथे मिनेसोटा विद्यापीठात शिकवायचा. त्याने टेकुमेल नावाचं जग बनवलं आणि त्यातल्या त्सोल्यानी भाषेत समोरच्याच्या दर्जाप्रमाणे ‘तू’साठी कितीतरी शब्द ठेवले. त्यावरचा खेळ 1975 मध्ये छापला गेला. मला वाचताना वाटलं, हा माणूस आपल्याकडच्या लग्नाला येऊन गेलाय की काय, अहो-जाहोचा घोळ याला बरोबर माहीत. आणि मग पुढचं वाचलं, की त्याने टोपणनावाने नाझी विचारांची कादंबरी लिहिली होती आणि हे त्याच्याच जगाची देखभाल करणाऱ्या संस्थेने 2022 मध्ये कबूल केलं. तेव्हापासून त्याच्याकडून काही उचलताना हात आखडतो. उचलते तरीही, खोटं का बोला.

मला हवी ती गोष्ट मात्र घरातच होती. इंग्रजीत ‘वुई’ एकच. आपल्याकडे आम्ही आणि आपण, म्हणजे तुला धरून की तुला वगळून, हे तोंड उघडताच ठरतं. नदीवाल्यांना मी तेच दिलं, ‘ताम’ म्हणजे आपण आणि ‘ओशी’ म्हणजे आम्ही. फक्त हे दोन शब्द सगळ्यांना पाठ करायला लावले, बाकी अकरा पानं गेली खड्ड्यात.

जानेवारीत पुरातून वाचून आमची मंडळी नावाड्यांच्या गावात पोचली. मुखिया झालेला मास्तर उठला, हसून म्हणाला, आज रात्री ओशी जेवणार, उद्या ओशी नदी ओलांडणार. बाकी सगळं इंग्रजीत. दोन सेकंद कोणीच काही बोललं नाही, आणि मग व्याकरणाला अंगठा दाखवणारा तोच प्राणी हळूच म्हणाला, अरे, आपल्याला नेणार नाहीयेत हे. फासा टाकायच्या आधीच! मला इतका आनंद प्रमोशनला झाला नव्हता.

पुढचे तीन शनिवार सगळे खेळाडू एकच गोष्ट करत होते, मुखियाच्या तोंडून ‘ताम’ वदवून घ्यायचा प्रयत्न. मासे दिले, बोट दुरुस्त करून दिली, एकाने त्याच्या आजारी आत्याची सेवा केली. अजून म्हणालेला नाही.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, बरं, आणि आपण कधी येणार आहात इकडे? ‘आपण’ ऐकून मी चपापलेच, ही मला कधीपासून आदरार्थी बोलायला लागली. मग लक्षात आलं, रागावलीय. हा तिसरा अर्थ मी भाषेत घातलाच नव्हता. मास्तरला मेसेज टाकलाय.