फणसावर केळं, केळ्यावर तूप

भाद्रपदात आमच्या वाडीत पोट फुगल्याची तक्रार कोणाला तोंडाने सांगावी लागत नाही. भजन आटोपून मंडळी खळ्यात उतरली की चालीवरूनच कळतं. पहिल्या घरी काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव, दुसऱ्या घरी लाडू-करंजी, तिसऱ्या घरी पुन्हा उसळ, आणि प्रत्येक ठिकाणी चहा. नको म्हणायची सोय नाही. "देवाच्या दारातसून उपाशी जातलंस काय रे?" असं कोणी म्हातारीने विचारलं की हात आपोआप पुढे होतो. मध्यरात्र उलटेपर्यंत बुवांचा आवाज वर चढत जातो आणि साथीदारांच्या सदऱ्याची खालची बटणं एकेक करून सुटतात.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला मळलेली कणीक थापतात, तिच्याशिवाय तो घुमत नाही. आमच्या पखवाजवाल्याचं म्हणणं असं की पाव पोटात जाऊन नेमकं हेच काम करतो. सगळे हसतात, पण बोलणं शास्त्राला फारसं सोडून नाही. गव्हात फ्रुक्टन नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात. माणसाच्या लहान आतड्याला त्या तोडता येत नाहीत. त्या तशाच पुढे मोठ्या आतड्यात जातात आणि तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात. त्यातून हायड्रोजन निघतो, कार्बन डायऑक्साइड निघतो, काहींच्या पोटात मिथेनही. घुमणारच.

वाटाण्याचं प्रकरण याहून जुनं. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या दोन साखरा असतात, आणि त्या फोडायला लागणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या आतड्यात मुळात तयारच होत नाही. म्हणजे वाटाणे, वाल, चवळी, हरभरे खाऊन वायू धरला तर तो अशक्तपणा नव्हे, माणूस असल्याचा पुरावा. फरक एवढाच, की कोणाचं आतडं तो वायू निमूटपणे पुढे ढकलतं आणि कोणाचं आतडं थोड्याशा ताणानेही बोंब मारतं. वायू तेवढाच असला तरी एकाचं पोट सैल राहतं आणि दुसऱ्याचं डब्ब होतं, ते यामुळेही.

या साखरा पाण्यात विरघळतात, आणि इथेच आमच्या घरात दरवर्षी वाद होतो. काकी वाटाणे आदल्या रात्री भिजत घालते, सकाळी ते काळसर पाणी केळीच्या बुडात ओतते, वाटाणे दोनदा धुते आणि नव्या पाण्यात शिजवते. वहिनीला ते बघवत नाही. तिच्या मते सगळं सत्त्व गेलं केळीला. दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण पाण्याबरोबर थोडी जीवनसत्त्वंही जातातच. पण ज्याचं पोट फुगतं त्याने काकीच्या पंगतीला बसावं. वालांच्या बाबतीत तर वादच उरत नाही. भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा. सालीतून डाळिंबी टुणकन उडते आणि अर्ध्या वेळा चुलीच्या मागे जाऊन पडते. मोड येताना दाणा स्वतःच त्या साखरा वापरून टाकतो. म्हणजे पोटाचं निम्मं काम फडक्यातच उरकतं. पाहुणे दारात आल्यावर कुकरच्या शिट्यांवर उरकलेल्या उसळीत हे काहीच झालेलं नसतं, आणि मग दोष बिचाऱ्या वाटाण्याला.

गंमत म्हणजे आमच्याकडे औषध जेवणानंतर येत नाही, जेवणातच घातलेलं असतं. रायगडकडे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, जाडं मीठ आणि सोबत मूठभर ओवा. तो कोणी तिथे स्वादासाठी म्हणून घालतं, कोणी वालाला उतारा म्हणून. विचारलं तर "घालतात" एवढंच उत्तर. फोडणीतल्या हिंगाचंही तसंच.

या हिंगाबद्दल मला फार दिवस कौतुक वाटत आलंय. समुद्राकाठच्या दमट हवेत ज्याचं रोप जगणार नाही असा हा पदार्थ. अफगाणिस्तान-इराणकडच्या कोरड्या, थंड डोंगरांतल्या झाडाच्या मुळाला चिरा देऊन काढलेला चीक. तो जगात सर्वांत जास्त खाणार आपण, आणि पिकवत मात्र नव्हतो. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग गावी ऑक्टोबर २०२० मध्ये पालमपूरच्या हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने पहिली रोपं लावली तेव्हा कुठे सुरुवात झाली. आयुर्वेदाने त्याला हिंग्वाष्टकात मानाची जागा दिली आहे: सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन तऱ्हेची जिरी आणि हिंग. ते खायची पद्धतही मला आवडते. जेवणाच्या पहिल्याच घासाला, तुपात कालवून. एक बारीक सूचना: बाजारातल्या डबीतला हिंग हा बहुधा पीठ आणि डिंक मिसळून बांधलेला असतो, आणि पुष्कळदा ते पीठ गव्हाचंच. ज्याला गहू सोसत नाही त्याने डबीची मागची बाजू वाचावी.

श्रावणात एक चमत्कारिक गोष्ट घडते. वशाट, म्हणजे मासे-मटण, बंद झालं की पोट हलकं व्हावं अशी सगळ्यांची समजूत, आणि होतं नेमकं उलट. याचं कारण मला नंतर समजलं. माशांत जीवाणूंना खाण्यासारखी साखर किंवा पिष्ट जवळजवळ नसतंच. धान्यांत तांदूळ हा सर्वांत सोशीक, त्यातलं पिष्ट बहुतेक सगळं लहान आतड्यातच पचून जातं. म्हणजे बांगड्याचं तिखलं आणि भात हे पोटाच्या दृष्टीने बरंच सभ्य जेवण. आणि शिवराक, म्हणजे शाकाहारी, म्हणून आम्ही काय खातो? चवळीची उसळ, डाळ, वाटाण्याचं सांबारं, वर पुऱ्या. महिनाभर घर पुण्य जोडतं आणि पोट वायू.

माशाच्या सारालाही एक पाय लंगडा आहेच, तो वाटपातला. कांदा आणि लसूण या दोघांतही गव्हासारखंच फ्रुक्टन ठासून भरलेलं. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा आंबणाऱ्या साखरांची मोट बांधून तिला 'फॉडमॅप' नाव दिलं, आणि त्या काही आठवडे कमी करून मग एकेक पदार्थ परत आणून पाहण्याची रीत घालून दिली. पहिला टप्पा सगळ्यांना ठाऊक होतो, दुसरा कोणी करत नाही, आणि मग आयुष्यभर कांदा-लसूण-गहू-दूध सगळं सोडलेली माणसं लग्नाच्या पंगतीत नुसता भात चिवडताना दिसतात. परत आणणं हाच त्यातला मुख्य भाग. कोणाला लसूण चालते, दूध नाही. कोणाला दूध चालतं, पाव नाही. हे पोटाला विचारूनच ठरवायचं, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारायचा.

लसणीवर तर आयतीच युक्ती आहे. फ्रुक्टन पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. ठेचलेल्या पाकळ्या तेलात खरपूस करून झाऱ्याने बाहेर काढल्या तर वास आणि चव मागे राहते, त्रास निघून जातो. पाकळ्या मात्र पाणी घालायच्या आधी काढायला हव्यात. याच हिशेबाने बघितलं तर ज्या सोलकढीला आपण पाचक पाचक म्हणून दोन-दोन वाट्या पितो, तिच्यात वाटलेली कच्ची लसूण असते आणि नारळाचा दाट रसही. माझं मन तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार नाही. पण पोट जड असेल त्या दिवशी मी फुटी कढीकडे वळतो. आगळ (कोकमाचा घट्ट रस), पाणी, मीठ, किंचित गूळ, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. नारळ नाही, लसूण नाही. कुळथाच्या पिठीचंही मला असंच वाटतं. कुळीथ शेवटी कडधान्यच, पण भाजून दळलेलं पीठ, तेही घरभर माणसांना मूठभर. त्यामुळे कडधान्य जेवल्याचं समाधान सगळं आणि वाट्याला आलेलं कडधान्य चमचाभर.

बाजारात जेवण जड झालं की लोक गोटी सोडा पितात आणि मोठ्ठी ढेकर आली की खूश होतात. ती ढेकर सोड्याचीच असते. बाटलीतला वायू तोंडावाटे परत गेला, पोटातला जिथल्या तिथे. घाईघाईने, बोलत-बोलत जेवताना गिळलेली हवाही यात धरावी. बद्धकोष्ठ असेल तर ओव्याची चिमूट काय करणार, आधी वाट मोकळी हवी. तीही एकदम वाटीभर कोंडा खाऊन नव्हे, कारण चोथा अचानक वाढवला तर पोट आणखी फुगतं. हळूहळू वाढवावा, पाणी प्यावं, जेवून लगेच आडवं होऊ नये, खळ्यात चार फेऱ्या घालाव्यात. आणि वजन विनाकारण उतरत असेल, शौचावाटे रक्त जात असेल, किंवा पन्नाशीच्या पुढच्या बाईचं पोट नव्यानेच फुगायला लागून आठवडेच्या आठवडे तसंच राहत असेल, तर हिंग-ओवा गुंडाळून ठेवून डॉक्टर गाठावा. आमच्याकडच्या बायका "वायू असात" म्हणून वर्ष काढतात. याचा मला राग येतो.

फणसाचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात मुंबईकर मंडळी उतरतात आणि मागच्या पडवीत तेल लावलेल्या हातांनी कापा फणस फोडला जातो. गरे मोजून खाणारा मनुष्य मी अजून पाहिलेला नाही. संध्याकाळपर्यंत अर्धं घर उताणं. मग काकीचा आवाज: "गरे खाल्लंस मां? मगे वरसून तांब्याभर पाणी कित्याक ढोसतंस?" यावर एका जुन्या संस्कृत श्लोकात उपायांची उतरंडच दिली आहे. फणस बाधला तर केळं खावं. केळं बाधलं तर तूप. तूप जड झालं तर लिंबाचा रस. त्याचा त्रास झाला तर मीठ. आणि मिठाचा उपद्रव झाला तर तांदळाचं पाणी.

शास्त्राने यातलं काय टिकेल ते टिको. फणसावर केळं हा उपाय तर मला उघडउघड केळीवाल्याने सुचवलेला दिसतो. पण शेवटची पायरी बघा. श्लोककर्त्याला एवढी सगळी चढउतार करून जिथे पोचावं लागलं, तिथे आमची वाडी रोज सकाळी दहाच्या ठोक्याला बसलेली असते: उकड्या तांदळाची पेज, मिठाची कणी, सोबत कैरीच्या लोणच्याची फोड.

मी काकीला हा श्लोक अर्थासकट ऐकवला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "आणि पेज बाधली तर?" मी म्हटलं, त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही. "मगे गरे खावचे," ती म्हणाली आणि दुसरा फणस पुढे ओढला.