आज जरा उकडतंय

जुलैची गोष्ट, मी तेव्हा अंटार्क्टिकाला मैत्रीवर, म्हणजे भारताच्या संशोधन केंद्रावर, विंटरिंगला (अख्खा हिवाळा तिथेच राहायला) होतो. काम हवामानाचं, म्हणजे दर तीन तासांनी रीडिंग, मग बाहेर काहीही असो. सूर्य दोनेक महिने उगवतच नाही, त्यातलेच दिवस, त्यामुळे सकाळ काय नि रात्र काय, घड्याळात बघायचं.

वारा तिथे रोजचाच. दक्षिणेच्या बर्फाच्या पठारावर हवा गार होऊन जड होते नि उतारावरून घरंगळत खाली येते, तो कॅटाबॅटिक. तो असला की वर चांदण्या लख्ख, हवेचं प्रेशर जागच्या जागी. त्या सकाळीही २५ नॉट (ताशी ४५-४६ किलोमीटर) होता, म्हटलं नेहमीचाच. दुपारी बघतो तर तापमान मायनस २७ वरून मायनस १६! मी खूश, डायनिंगमध्ये जाऊन सांगून पण आलो, आज जरा उकडतंय म्हणून. प्रेशरकडे बघितलंच नव्हतं, शुद्ध गाढवपणा. तीन तासांत प्रेशर ६ हेक्टोपास्कल खाली, म्हणजे वादळाचीच खूण, आणि चांदण्या गायब.

ती ऊब समुद्राची होती. किनारा शंभरेक किलोमीटरवर, तिथे एक लहानसं लो, म्हणजे कमी दाबाचं क्षेत्र, आलेलं, त्याच्या वाऱ्याने बर्फालगतचा गार हवेचा थर पार ढवळून काढला. नंतर सॅटेलाइटच्या फोटोत शोधलं तर स्वल्पविरामासारखा ढग, जेमतेम दोन-तीनशे किलोमीटरचा, आणि हवामानाच्या अंदाजाच्या कॉम्प्युटर मॉडेलच्या नकाशात तिथे फक्त एक किंचित वाकलेली रेघ. मी श्रीवर्धनचा, २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा निदान आदल्या दिवशी नावानिशी माहीत होतं. इथे दोन तास पण नाही मिळाले.

संध्याकाळच्या रीडिंगला ५५ नॉट. एकट्याने जायचं नाही हा नियम, म्हणून जनरेटरवाले पाजी सोबत, दोघं दोरीला धरून. टॉर्च लावला की समोर नुसती पांढरी भिंत, स्वतःचा हातमोजा दिसेना, चाळीस पावलांना पंधरा मिनिटं. स्टीव्हन्सन स्क्रीनचं, म्हणजे थर्मामीटर ठेवायच्या लाकडी पेटीचं, दार उघडलं तर आत पिठीसाखरेसारखा बर्फ गच्च भरलेला, थर्मामीटर त्यात गाडलेले. लाकडी पट्ट्यांच्या फटी इतक्या बारीक, तरी. परत येऊन दाराच्या कडीला हात लावला तर चटकन ठिणगी, उडता बर्फ घासून घासून चार्ज होतो ना.

तिसऱ्या दिवशी वारा पडला, पारा परत मायनस ३० ला. मी फावड्याने स्क्रीन उकरतोय, आणि आमचा कुक खिडकीतून हातानेच पंखा हलवून दाखवतोय.