परसातली मोहरी

शरणपूर भागातील आमच्या ख्रिस्ती मंडळीत संडे स्कूलच्या मुलांना येशूने सांगितलेला मोहरीच्या दाण्याचा दाखला, म्हणजे सर्वांत लहान दाण्याचे मोठे झाड होऊन पाखरे त्याच्या फांद्यांत राहतात तसे देवाचे राज्य, हा दृष्टांत मी बरीच वर्षे शिकवत होते, पण फोडणीपलीकडे मोहरीशी माझी ओळख नव्हती. गेल्या वर्षी एका मुलाने घरून पुडीत खसखस आणली आणि "बाई, हा दाणा तर मोहरीहून लहान आहे," असे म्हणत ती माझ्या तळहातावर ओतली. येशूच्या श्रोत्यांच्या बोलीत मोहरी हेच सर्वांत लहान वस्तूचे माप होते आणि आपणही 'राईचा पर्वत' त्याच अर्थाने म्हणतो, हे मी त्याला समजावले. तरी कधी न पेरलेल्या बियाण्याविषयी आपण बोलत आहोत हे मनाला लागले आणि ऑक्टोबरअखेरीस परसात एक वाफा तयार केला.

पहिली पेरणी फसली, आणि दोष सर्वस्वी माझा होता. वाटाण्यासारखे दाणे खोल टोकून मी नळीने पाणी सोडले; काळ्या मातीवर पापुद्रा धरला आणि आठवडाभरात तीनच कोंब दिसले. दुसऱ्या वेळी बी बारीक वाळूत मिसळून ओळींत पेरले, वर जेमतेम अर्धा इंच माती ओढली, तेव्हा चौथ्या दिवशी रोपे वर आली. अवघड गेली ती विरळणी. इतक्या हौसेने उगवलेली रोपे उपटवत नव्हती, पण सहा इंचांचे अंतर ठेवावेच लागले आणि उपटलेल्या रोपांची भाजी झाली. बायबलमधील यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पाखरे विसावतात ती उंच डोंगरावरच्या गंधसरूच्या झाडावर. येशूने मात्र देवाच्या राज्यासाठी भाजीपाल्यातली मोहरी निवडली, हे मला ती कोवळी पाने निवडताना उमगले.

डिसेंबरच्या ढगाळ हवेत शेंड्यांवर मावा आला, तो निंबोळी अर्काने आटोक्यात आणला. फुलोरा आल्यावर मुलांच्या हाती एकेक फूल दिले: चार पिवळ्या पाकळ्या, क्रूसासारख्या समोरासमोर. त्यावरूनच या कुळाला पूर्वी 'क्रुसिफेरी', म्हणजे क्रूस धारण करणारे, म्हणत. दाखल्याशी या नावाचा संबंध नाही, हेही मी सांगितले, कारण सोयीस्कर योगायोग पुरावा म्हणून मुलांपुढे ठेवणे मला पटत नाही.

गालिलातली काळी मोहरी माणसाच्या डोक्यावर जाते; माझी छातीपर्यंतच वाढली. घरटे कोणी बांधले नाही, पण फेब्रुवारीत मुनियांचा थवा शेंगांवर उतरला आणि फांद्या वाकल्या. उरलेल्या शेंगा तडकू नयेत म्हणून पहाटे दव असतानाच कापल्या. झोडून, पाखडून पाऊण वाटी मोहरी निघाली. त्यातली चिमूटभर खसखसवाल्या मुलाने पुडीत बांधून नेली.