नगरधन, रामटेक, आंबागड: एका दिवसात, पण पाणी घेऊन जा

किल्ला बघायचा म्हटलं की नागपूरचा माणूस पुण्याची गाडी पकडतो. मीही तेच करत आलो. या डिसेंबरात मात्र मावसभावाला मागे बसवलं, सकाळी सहाला तर्री-पोहे चापले आणि रामटेकचा रस्ता धरला.

देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदशहानं 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं. त्याचा देवगड आज मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात. वर सातपुडा, खाली वैनगंगेकडे उतरणारी सपाटी. या दोहोंच्या शिवेवरचे किल्ले बघायचे, एवढंच ठरवलं होतं.

नगरधन चक्क सपाटीवर, शेतांच्या मधोमध. वाकाटक राजांची जुनी राजधानी नंदिवर्धन ती हीच. इथल्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा सापडली. दिसतो तो कोट मात्र खूप नंतरचा. डागडुजी जरा जास्तच गुळगुळीत झालीये, मला नाही आवडली. पण आतल्या विहिरीच्या पायऱ्या उतरलो, तर बाहेरचं ऊन चार पायऱ्यांतच विसरायला झालं. हा कोट ज्यानं बांधला त्यानं आधी पाणी पाहिलं असणार. अर्धा तास पुरतो.

रामटेकला सगळे देवळासाठी जातात. तुम्ही वराह, सिंहपूर, भैरव, गोकुळ हे दरवाजे बघत सावकाश चढा, मग गडमंदिर गड का आहे ते कळतं. प्रसादाची पिशवी हातात धरू नका, वानरं तुमच्यापेक्षा चपळ आहेत. जेवण इथेच उरका. पुढे हॉटेलाच्या भरवशावर राहू नका.

आंबागड भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरपासून बारा-तेरा किलोमीटर. बख्त बुलंदाचा सरदार राजाखान पठाण यानं तो 1700 च्या आसपास बांधला, पुढे नागपूरच्या भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला. कैद्यांना आतल्या विहिरीचं विषारी पाणी पाजून मारायचे, असं सांगतात. आम्ही ही गोष्ट ऐकली तेव्हा अर्ध्या चढावर होतो आणि आमची एकुलती एक बाटली संपली होती. वर बुरूज झाडांनी गिळलेत, तटावर पाय जपून टाका. पण एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सपाटी. जागा का निवडली ते विचारावं लागत नाही.

माणशी दोन लिटर पाणी न्या, पावसाळ्यात दगड निसरडे असतात आणि चारच्या आत गड उतरा. नागपुरातला सीताबर्डीचा किल्ला यातच उरकू म्हणाल तर जमणार नाही. तो लष्कराच्या ताब्यात आहे. 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टलाच लोकांना आत सोडतात, तेव्हा ओळखपत्र घेऊन जा.

खाली गावात एका काकूंनी गडवाभर पाणी पुढे केलं. भाऊ तहानेनं अर्धमेला झाला होता, तरी गडवा तोंडाला लावायच्या आधी विचारतो कसा, "काकू, कोणत्या विहिरीचं हो?"