आजचं फोल्डर रिकामं

गुरुवार, ६ नोव्हेंबर. रात्रीचे अकरा.

आजच्या तारखेचं फोल्डर केलं आणि ते रिकामंच राहिलं. पाऊस लागून राहिला होता तेव्हा, परीक्षेच्या दिवसांत, अगदी ताप होता त्या आठवड्यातसुद्धा एक तरी फोटो पडायचाच. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या वाळवणाचा का होईना. आज तर सगळं जागच्या जागी होतं. उजेड चांगला, बॅटरी भरलेली, कॉलेज लवकर सुटलेलं.

कोल्हापुरात गंगावेशच्या दूधकट्ट्यावर म्हशींची धार काढणारे मामा म्हणाले, "आज नगं, बाळ." एवढंच झालं.

लिहिल्यावर किती बारीक दिसतंय हे. पण पाच तास होत आले आणि मी अजून तिथंच आहे. मेसमध्ये काय जेवले ते आठवत नाही. आईचा फोन आला तेव्हा सगळं ठीक आहे म्हटलं. मग तिनं दादाचा विषय काढला. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.

नेहमीच्याच वाटेनं गेले होते. महाद्वार रोड, पापाची तिकटी, तिथून गंगावेश. दिवस मावळायला म्हशी कट्ट्याला येऊन उभ्या राहतात आणि त्यांच्याभोवती माणसं जमतात. तालमीतून आलेली पैलवान पोरं, नातवाला बोटाला धरून आणलेले आजोबा, ऑफिस सुटून जाता जाता गाडी स्टँडला लावणारे, आणि अंबाबाईचं दर्शन करून आलेले बाहेरगावचे लोक. रस्त्याच्या कडेला म्हैस, कासेखाली चरवी, आणि बघता बघता फेसानं भरलेला पेला हातात. न तापवलेलं, अंगाच्या उबेचं दूध. कोल्हापूरच्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. मला पहिल्या दिवसापासून वाटत आलंय आणि अजून ते ओसरलेलं नाही.

मी पिशवीची चेन उघडत होते. मामांनी मान वर केली नाही, हातातली धारही थांबवली नाही. आवाज चढलेला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं असं आता वाटतं. रागाला कारण असतं, कारण कळलं की त्यावर बोलता येतं. इथं बोलायला काही नव्हतंच. मी चेन लावली. तसंच निघून यायला जीव धजेना, म्हणून अर्धा पेला मागितला. त्यांनी दिला. पैसे घेतले, सुट्टे मोजून परत दिले. तिथं उभ्या असलेल्या कुणालाही वाटलं नसतं की काही झालंय.

मग का?

आधी वाटलं, दृष्ट. मागच्या खोपीतली म्हैस नुकतीच व्याली आहे असं दिवाळीत कानावर आलं होतं, आणि व्यालेल्या जनावराचा फोटो घरातली जुनी माणसं काढू देत नाहीत. पण याच मामांनी पाडव्याला म्हशी सजवून अख्ख्या गावासमोर मिरवल्या. अंगावरचे केस भादरून काढलेली नक्षी, रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरं, आणि सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलीच्या मागं धावणाऱ्या त्या म्हशी. तेव्हा मला हाक मारून मामाच म्हणाले होते, "हिकडनं घे, शिंगं दिसत्यात." दृष्टीचं मनाला पटत नाही.

मग वाटलं, म्हैस बिचकत असेल. डावीकडची नवी होती, कपाळावरचा पांढरा ठिपका माझ्या ओळखीचा नव्हता. म्हैस घाबरली की पान्हा चोरते. परका माणूस जवळ आला, काही भलता आवाज झाला, की दूध वर ओढून धरते आणि मग कितीही थोपटा, सड कोरडेच. गवळ्याचा सगळा व्यवहार त्या जनावराच्या शांत असण्यावर चालतो. हे कारण खरं असू शकतं. पण मी शटरला हातही लावला नव्हता, आणि रिक्षा, केएमटीच्या बस, बुलेट यांच्या त्या आवाजात माझ्या कॅमेऱ्याची टिकटिक म्हशीला काय ऐकू जाणार?

तिसरं कारण लिहायला नको वाटतंय, पण तेच खरं सलतंय. हल्ली कट्ट्यावर मोबाइल घेऊन येणारे खूप झालेत. मामांच्या तोंडापाशी फोन धरतात, धार आणखी वरून सोडा म्हणतात, पेला तोंडाला लावून तीनतीनदा हसतात. त्यांचा कंटाळा आला असेल तर मला पूर्ण समजतं. पण मग मी त्यांच्यातलीच का? मी तर मामांना कधी काही करायला सांगितलं नाही. मी रोजची आहे. त्यांनी मला वेगळं मोजावं असं मला वाटत होतं, आणि ते इतकं वाटत होतं हे आज सहा वाजेपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं.

परत येताना फार एकटं वाटलं. या शहरात मला रोज दिसणारी शंभर माणसं आहेत. चप्पल लाइनला पट्ट्याची वेणी घालत बसलेल्या मावशी, कपिलतीर्थ मार्केटमध्ये कोथिंबिरीवर पाणी मारणारा पोरगा, रंकाळ्यावर संध्यामठाकडं तोंड करून बसणारं ते वयस्कर जोडपं. सगळ्यांचे फोटो माझ्याकडं आहेत, आणि त्यांच्यातल्या एकाच्याही घरी मी कधी चहा प्यालेली नाही. ज्या गावानं सिनेमावाल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याची आठवण म्हणून खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारला, त्या गावात कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या पोरीला कुणी परकं मानणार नाही, असं सर पहिल्या वर्षी म्हणाले होते. तेच वाक्य घट्ट धरून मी फिरत होते. आज पापाच्या तिकटीला रस्ता ओलांडताना वाटलं, सोडावं हे सगळं. वर्षभर रोज एक फोटो, कशासाठी? कुणी सांगितलंय?

(सांगितलंय सरांनीच. पण बाकीच्यांनी गणपतीपर्यंत कधीच सोडून दिलं.)

खोलीवर आल्यावर कट्ट्याचे जुने फोटो उघडून बसले. रुसून बसले होते खरं तर, काय काय गेलं ते बघायला.

सुरुवातीचे अगदीच वाईट आहेत. तेव्हा मला त्या उजेडाचा अंदाजच नव्हता. दिवस बुडता बुडता तिथं दोन प्रकारचा प्रकाश असतो, आकाशाचा उरलेला निळसर आणि दिव्याच्या खांबावरचा पांढरा, आणि दोन्ही मिनिटामिनिटाला बदलत असतात. शटर १/३० सेकंदावर ठेवला की धार सलग सुतासारखी येते, पण मामांचे हात पुसट होतात. १/५०० केला की हात खणखणीत, पण धारेचे तुकडे तुकडे पडतात आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, इतका चढवावा लागतो की म्हशीच्या काळ्या अंगावर वाळू पसरल्यासारखी दिसते. शेवटी १/६० च्या आसपास जमायला लागलं. पावसाळ्यातला एक फोटो आहे, त्यात धार आणि हात दोन्ही आहेत, आणि म्हशीच्या पाठीवरनं वाफ निघताना दिसते. तो मी मोठा करून बघितला.

त्यात मामा ज्या बाजूला बसलेत ती त्यांची बाजू नाही.

मग एकेक करून सगळे बघितले. पहिल्या फोटोंत मामा म्हशीच्या उजव्या अंगाला, रस्त्याकडं पाठ करून, उजेडाच्या आड. पुढं कधीतरी ते तिरके झाले. मग चरवी थोडी बाहेर आली, दिव्याच्या खाली. मग म्हशीचं दावं खुंट्याला आखूड बांधलेलं, म्हणजे तिची मान माझ्याकडं. हे कुणी केलं? मी तर काहीच सांगितलं नव्हतं, आत्ताच वर अभिमानानं लिहिलंय तसं. माझं जमायला लागलं असं मी ज्याला समजत होते, त्यातलं अर्धं मामांनी जमवून दिलं होतं. बसायची जागा बदलून, एका शब्दानं न सांगता, गिऱ्हाइकं सांभाळत.

आणि जुलैतली ती संध्याकाळ. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी गाठत आली होती, सगळ्या गावाच्या तोंडी तेच, पाणी जामदार क्लबपाशी आलं का, गायकवाड वाड्यापाशी आलं का. कट्ट्यावर गर्दी नव्हती. मी कॅमेरा पावसामुळं पिशवीतच ठेवला होता. मामांनी आपण होऊन २०१९ चं सांगायला घेतलं. धोक्याची पातळी ४३ फुटांची, आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रात्री दावी सोडून म्हशी उंचावर कशा नेल्या, एक रेडकू खांद्यावर कसं घेतलं, पावण्यांच्या अंगणात किती दिवस काढले, वैरण कुठून कुठून आली. पाणी उतरल्यावर गोठ्यात शिरलो तेव्हा भिंतीवर चिखलाची रेघ छातीच्या वर होती, म्हणाले, आणि हात छातीच्या वर धरून दाखवला. मग एक गिऱ्हाईक आलं आणि ते उठून गेले. पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनीही पुन्हा कधी काढलं नाही.

त्या दिवशी मी एक अक्षर विचारलं नव्हतं. द्यावंसं वाटलं आणि त्यांनी दिलं. आज द्यावंसं वाटलं नाही.

इथं येऊन मी बराच वेळ थांबले. लिहिलेलं परत वाचलं. राग कुठंतरी गळून पडलाय, दुखतंय ते अजून आहे, पण त्याची जागा सरकली आहे. मला वाटत होतं, मामांनी मला एकदा होकार दिला आणि तो कायमचा. आत्ता दिसतंय की तो रोजचा होता. रोज संध्याकाळी हातातलं काम चालू ठेवून, मनात काहीतरी ठरवून, ते मला हो म्हणत होते. आणि जो रोज हो म्हणतो त्याच्याकडं नाही म्हणायचाही एक दिवस असणारच. त्यामागं म्हैस असेल, घरातलं काही असेल, नुसती दमणूक असेल. ते त्यांचं त्यांच्यापाशी.

तीन दिवसांनी किरणोत्सव आहे. ९, १० आणि ११ नोव्हेंबर. मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांशी, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. तसा हिशेब आहे. पण ढग आले, धुरकं असलं, वाटेत एखादी इमारत आडवी आली, तर किरणं कमरेपर्यंत येऊन विरून जातात, कधी तेवढीही येत नाहीत. गेल्या वेळी मी त्या गर्दीत होते. किरणं लुप्त झाली तेव्हा शेजारच्या आजींनी हात जोडले, पदर सावरला आणि सुनेला म्हणाल्या, "उद्या लवकर येऊ." चेहऱ्यावर नाराजी औषधालासुद्धा नव्हती. मला तेव्हा त्यांचं फार आश्चर्य वाटलं होतं.

आणखी एक गोष्ट लिहायची राहिली, ती आज कॅमेरा पिशवीत होता म्हणूनच कळली. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तेव्हा तिचा आवाज पत्र्यावर खडा आपटावा तसा टणक असतो. तळ झाकला की मऊ होतो. मग फेस वर चढतो आणि धार त्या फेसात शिरायला लागते, तेव्हा आवाज जवळजवळ बुजतो, नुसतं खोल घुसल्यासारखं ऐकू येतं. मामा चरवीत बघत नाहीत. त्या आवाजावरनंच त्यांना कळतं किती भरलीय ते, आणि बरोबर काठाशी हात थांबतो. इतके महिने मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते. डोळा व्ह्यूफाइंडरला असायचा, हे ऐकलंच नव्हतं.

उद्या पहाटे शाहू मार्केट यार्डात जायचं ठरलंय, गुळाचे सौदे बघायला. पाडव्याला मुहूर्ताचे सौदे झाले, आता रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्प्या लागायला लागल्या असतील. रूममेट म्हणतेय, "मीपण येतो तुझ्यासंगं, मला उठीव." मघाशी तिनं विचारलं, संध्याकाळी परत कट्ट्याला जाणार काय? जाणार म्हटलं. कॅमेरा नेणार? नेणार. मग तिनं विचारलं, आणि परत नको म्हणाले तर? तर अर्धा नाही, अख्खा पेला घेईन म्हटलं, आणि तूही चल, तुला तो आवाज ऐकवते.