आतलं आत, बाहेरचं बाहेर: कॅश लायब्ररीचे इंटरफेस वेगळे करताना आलेला माझा अनुभव

आमच्या कंपनीत जावामध्ये लिहिलेली एक छोटी कॅशिंग लायब्ररी आहे, म्हणजे परत परत लागणारा डेटा मेमरीत जवळ ठेवणारा तयार कोड, बाहेर कुणाला दिलेली नाही, आमच्याच पाच टीम वापरतात. ती माझ्याकडे आली तेव्हा पहिलं काम ठरलं आतलं एलआरयू काढायचं, म्हणजे जागा भरली की सगळ्यात जास्त वेळ न वापरलेली एन्ट्री बाहेर टाकायची पद्धत. ते जावाच्या लिंक्डहॅशमॅपवर, म्हणजे क्रम लक्षात ठेवणाऱ्या मॅपवर, बांधलेलं होतं, अ‍ॅक्सेस ऑर्डर चालू करून, म्हणजे नुसतं गेट केलं तरी आतली लिस्ट हलते आणि साधं वाचायलाही लॉक घ्यावा लागतो, एका वेळी एकच जण. शिवाय रात्रीचा रिपोर्टचा जॉब एकदा सगळ्या रेकॉर्डवरून फिरला की रोज लागणाऱ्या एन्ट्र्या बाहेर आणि परत कधी न लागणाऱ्या आत. टायनीएलएफयू हे दुसरं तंत्र इथे खूप बरं पडतं, कुठली की, म्हणजे एन्ट्री शोधायचं नाव, साधारण किती वेळा मागितली गेली याचा अंदाज ठेवून मगच ते नव्या एन्ट्रीला जागा देतं. मी आतला भाग बदलला, आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या, स्नॅपशॉट, म्हणजे रिलीजआधीचं व्हर्जन, टाकला आणि तासाभरात तीन टीमचे बिल्ड लाल, म्हणजे मोडलेले.

मला आधी कळेनाच. कॅश आणि कॅशबिल्डर या दोन गोष्टी आम्ही लोकांना वापरायला दिल्या होत्या आणि त्यांना मी हातही लावला नव्हता. पण मोडलं होतं ते एन्ट्री, सेगमेंट (कॅशचा एक कप्पा), एव्हिक्शनक्यू असल्या आतल्या क्लासवर. हे सगळे इंटर्नल नावाच्या सबपॅकेजमध्ये होते, पण जावाला त्या नावाशी काही घेणंदेणं नाही, सबपॅकेज म्हणजे त्याच्या लेखी पूर्ण वेगळं पॅकेज. त्यामुळे बाहेरच्या पॅकेजमधल्या आमच्याच कोडला ते दिसावेत म्हणून ते सगळे पब्लिक केलेले, आणि एकदा पब्लिक केलं की ते सगळ्या जगाला पब्लिक. गो भाषेत हे वेगळं आहे, तिथे इंटर्नल नावाच्या फोल्डरमधलं बाहेरून इम्पोर्टच होत नाही, बिल्ड करणारं गो टूलच अडवतं. आमच्याकडे अडवायला फक्त एक कॉमेंट होती, ‘कृपया वापरू नये’.

मी बदल मागे घेतला आणि ठरवलं की आधी आतलं आणि बाहेरचं वेगळं करायचं, टायनीएलएफयू नंतर.

सुरुवात केली कोण काय वापरतंय हे शोधण्यापासून. जेडीके या जावाच्या टूलसंचासोबतच जेडेप्स नावाचं टूल येतं, ते जार फाईल, म्हणजे कंपाइल केलेल्या क्लासचा गठ्ठा, वाचून कुठला क्लास कुठल्या क्लासवर अवलंबून आहे ते सांगतं. पाचही टीमच्या जारवर ते चालवलं आणि यादी काढली. रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावावरून क्लास किंवा फील्ड शोधून, केलेली घुसखोरी त्यात दिसत नाही, ती मला क्लासची नावं स्ट्रिंग म्हणून सगळ्या रेपोमध्ये शोधून काढावी लागली. यादी बघून पहिल्यांदा राग आला हे खरं. पण मग एकेका टीमकडे जाऊन बसले आणि मला वाटतं या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच होता.

बिलिंगच्या टीममधला एक जण एन्ट्रीचं एक्स्पायर्सअ‍ॅट हे फील्ड थेट बदलत होता. मी म्हटलं, “अरे, आतल्या फील्डला हात कशाला लावतोस?” तर तो म्हणाला, “अगं, मग करू काय, तुमच्याकडे मेथडच नाहीये. ग्राहकाचं पेमेंट अर्धवट असलं की ती एकच एन्ट्री अजून दहा मिनिटं जिवंत ठेवायची असते, बाकीच्या नाही. मी दोनदा तिकीट टाकलं होतं.” मी जाऊन बघितलं, खरंच दोन तिकिटं होती, दोन्ही उत्तर न देता बंद केलेली.

दुसऱ्या टीमच्या टेस्टमध्ये आतल्या घड्याळाचं प्रायव्हेट फील्ड रिफ्लेक्शनने बदललेलं होतं. कारण एकदम साधं, एक तासाची मुदत संपल्यावर काय होतं हे तपासायला टेस्ट एक तास झोपवून ठेवणार का? ग्वाव्हा आणि कॅफीन या दोन्ही लायब्ररीत यासाठी टिकर नावाची गोष्ट पब्लिक आहे, बिल्डरला आपलं घड्याळ द्यायचं आणि टेस्टमध्ये ते हवं तेवढं पुढे सरकवायचं. आमच्याकडे घड्याळ होतं, फक्त बाहेरून देता येत नव्हतं.

तिसरा प्रकार मला कधीच सुचला नसता. एका टीमची स्क्रिप्ट लॉगमधली आमच्या स्टॅट्सची टूस्ट्रिंग, म्हणजे आकडे मजकुरात लिहिलेली ओळ, वाचून त्यातला हिट रेट (किती मागण्या कॅशमधूनच भागल्या ते प्रमाण) कापून डॅशबोर्डवर टाकत होती. यात आतला क्लास कुठेच नाही, सगळं रीतसर पब्लिक, पण त्या ओळीतला एक स्वल्पविराम हलला असता तरी डॅशबोर्ड रिकामा झाला असता. हायरमचा नियम म्हणतात तो हाच, वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या कोडचं जे काही बाहेरून दिसतं त्या प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी अवलंबून असतं, तुम्ही तसं वचन दिलेलं असो वा नसो.

मग कॅफीनचा सोर्स नीट वाचून काढला. तिथे बाउंडेडलोकलकॅश हा खरा काम करणारा अवाढव्य क्लास पॅकेज-प्रायव्हेट आहे, म्हणजे त्याच्या पॅकेजबाहेर दिसत नाही, लोकांना फक्त कॅश, लोडिंगकॅश असे इंटरफेस, म्हणजे वापरायच्या मेथडची यादी, मिळतात. आणि ज्यांना खरंच खोलात जायचंय त्यांच्यासाठी पॉलिसी नावाची वेगळी मेथड, तिच्यातून एखाद्या कीचं वय विचारता येतं, मुदत बदलता येते, कमाल आकार बदलता येतो. मला हे फार आवडलं, रोजच्या वापराचा इंटरफेस छोटाच राहतो आणि खास गरज असलेल्यालाही आतून खिडकी फोडावी लागत नाही. मी तसंच केलं: मुदत वाढवायची मेथड पॉलिसीखाली, टिकर बिल्डरमध्ये, आणि स्टॅट्सला नीट हिटरेट, मिसकाउंट अशा मेथड. हे नवीन दरवाजे आधी रिलीज केले, जुनं काहीही बंद न करता.

बंद करताना मात्र माझी एक चूक झाली. मॉड्यूल-इन्फो फाईल, म्हणजे लायब्ररीतली कुठली पॅकेज बाहेर दिसतील हे सांगणारी, लिहिली, त्यात फक्त पब्लिक पॅकेज एक्सपोर्ट केलं, आमच्याकडे टेस्ट केलं तर आतले क्लास खरंच दिसेनासे झाले, मला वाटलं झालं काम. आठवड्याने बघते तर एका टीमने नवीन कोडमध्ये परत सेगमेंट इम्पोर्ट केलेला, बिल्ड हिरवा. जावा ९ पासून मॉड्यूल आहेत हे खरं, पण जार मॉड्यूलपाथवर असेल तरच ते पाळले जातात. क्लासपाथवर, म्हणजे क्लास शोधायच्या जुन्या यादीत, टाकली की ती अनाम मॉड्यूलमध्ये जाते आणि एक्सपोर्टच्या ओळी कुणी विचारत नाही. आमचे पाचही अ‍ॅप क्लासपाथवर चालतात.

म्हणून सरळ दोन जार केल्या. एपीआय (बाहेरच्यांनी वापरायचा भाग) जारमध्ये फक्त इंटरफेस, बिल्डर आणि एक्सेप्शन, कोर जारमध्ये बाकी सगळं, आणि बिल्डर जावाचा सर्व्हिसलोडर वापरून प्रोग्रॅम चालू असताना कोर शोधतो. टीमनी मेव्हन या बिल्ड टूलमध्ये एपीआय नेहमीसारखी घ्यायची आणि कोर रनटाइम स्कोपने, म्हणजे मुख्य कोड कंपाइल करताना आतले क्लास समोर येतच नाहीत, इम्पोर्ट लिहिलाच तर लाल रेघ. हे करताना अजून एक गळती सापडली, आमच्या पब्लिक कॅश इंटरफेसवरच सेगमेंटफॉर नावाची मेथड होती जी आतला सेगमेंट परत करायची. असल्या मेथड असतील तर जार कितीही वेगळ्या करा, एपीआय कोरशिवाय कंपाइलच होणार नाही, आणि एका अर्थी बरंच, लपलेलं सगळं तिथेच उघडं पडतं.

स्टेजिंगवर, म्हणजे लाइव्ह जाण्याआधीच्या चाचणी सर्व्हरवर, एक दणका बसला तो आतल्या क्लासचं पॅकेज हलवल्यामुळे. आमची लायब्ररी मेमरीत न मावलेल्या एन्ट्र्या डिस्कवर जावा सिरियलायझेशनने (ऑब्जेक्ट बाइट्समध्ये बदलून) लिहिते आणि त्या फाईलमध्ये क्लासचं पूर्ण नाव पॅकेजसकट असतं. नवीन व्हर्जन सुरू झालं, जुन्या फाईल उघडल्या आणि क्लासनॉटफाउंडची रांग लागली. कॅशच आहे, टाका फेकून, असं एक जण म्हणाला, पण रिकामी कॅश घेऊन सगळे सर्व्हर एकदम उठले असते तर सगळा भार डेटाबेसवर गेला असता. शेवटी वाचताना रिझॉल्व्हक्लास ही फाईलमधल्या नावावरून क्लास ठरवणारी मेथड ओव्हरराइड केली, जुनं नाव आलं की नवीन क्लास द्यायचा. हे जमलं कारण आधीच्या माणसाने सिरियलव्हर्जनयूआयडी, म्हणजे क्लासचा व्हर्जन क्रमांक, हाताने लिहून ठेवला होता, तो लिहिलेला नसता तर पॅकेज बदलल्यावर तोही बदलला असता आणि जुळवाजुळव झालीच नसती. त्या माणसाचे मी मनापासून आभार मानते.

जुन्या जागी जुन्या नावाचे पातळ क्लास ठेवले, त्यांच्यावर डेप्रिकेटेड (आता वापरू नका) आणि फॉररिमूव्हल (पुढे काढणार) हे शिक्के लावले. साध्या डेप्रिकेटेडकडे कुणी बघत नाही, फॉररिमूव्हलची वॉर्निंग मात्र वेगळी येते, जुन्या सप्रेसवॉर्निंगने ती दबत नाही. अशा प्रत्येक क्लासच्या जावाडॉकमध्ये (कोडसोबतच्या माहितीत) ‘याऐवजी हे वापरा’ अशी एक ओळ उदाहरणासकट लिहिली, त्याला दोन दिवस गेले पण नंतर मला प्रश्न विचारणारे मेसेज जवळजवळ आलेच नाहीत. बिल्डमध्ये जॅपीसीएमपी नावाचं टूल लावलं, ते आधीच्या आणि आत्ताच्या एपीआय जारची तुलना करतं आणि काही मोडत असेल तर आमचाच बिल्ड पाडतं. पहिल्याच आठवड्यात त्याने मला पकडलं, मी रिमूव्हल लिसनरच्या (एन्ट्री काढली की कळवणाऱ्या) इंटरफेसमध्ये एक मेथड वाढवली होती आणि तो इंटरफेस टीम स्वतः इम्प्लिमेंट करतात, म्हणजे त्या सगळ्यांचं मोडलं असतं. डिफॉल्ट मेथड केली, म्हणजे इंटरफेसनेच तिचा कोड दिला, मिटलं.

दोन रिलीजनंतर जेडेप्स परत चालवलं. एक टीम सोडून सगळ्यांची यादी रिकामी. त्या टीमला सेगमेंट खरंच हवा होता, एका सेगमेंटमधल्या सगळ्या की एकदम काढायला, आणि सेगमेंट ही कल्पनाच टायनीएलएफयूच्या कोडमध्ये उरणार नव्हती. त्यांच्याबरोबर एक दुपार बसले तेव्हा कळलं की त्यांना एका ग्राहकाच्या सगळ्या की काढायच्या होत्या, आणि सेगमेंट ग्राहकाप्रमाणे पडतात अशी त्यांची समजूत होती. तसं नव्हतं, ते हॅशप्रमाणे, म्हणजे कीवरून काढलेल्या आकड्याप्रमाणे, पडायचे, त्यामुळे इतके दिवस त्यांच्याकडून दुसऱ्याच ग्राहकांच्या एन्ट्र्या उडत होत्या आणि हव्या त्या बऱ्याच तशाच राहत होत्या. त्यांना की निवडून काढायची इन्व्हॅलिडेटइफ मेथड दिली आणि त्याच संध्याकाळी त्यांनी आपला जुना कोड काढला.

पुढच्या सोमवारी टायनीएलएफयूची ब्रँच परत मर्ज केली. पाच टीम, पाच बिल्ड, सगळे हिरवे.