एम. ए. मराठी झालं, आता पुढे?
आज पुण्यात एम. ए. मराठीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी गप्पा झाल्या. विषय ठरलेलाच. बहुतेकांच्या डोक्यात दोनच वाटा: नेट-सेट या पात्रता परीक्षा काढून प्राध्यापकी, नाहीतर पत्रकारिता. (प्राध्यापकीच्या जागा कधी निघतात हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक!)

मी सगळ्यात जास्त बोललो ते डबिंगच्या लेखनावर. तिथे नुसता अर्थ उतरवून भागत नाही. पडद्यावरच्या माणसाचे ओठ मिटले की तुमच्या वाक्यातही शक्यतो तिथेच प, ब, म असं काहीतरी यावं लागतं, आणि त्याचं तोंड थांबलं की वाक्यही संपावं लागतं. कवितेची वृत्तं शिकलेल्यांना हे पटकन जमेल असं मला खरंच वाटतं. मात्रा मोजायची सवय असते ना! सबटायटलमध्ये मात्र हिशेब वाचणाऱ्याच्या वेगाचा.

मालिकांमध्ये कथा, पटकथा, संवाद ही वेगळी कामं, बऱ्याचदा वेगळी माणसं. रोजचा भाग, त्यामुळे काम भरपूर, झोप कमी. शिवाय वाईचं विश्वकोश मंडळ, बालभारती, राज्य सरकारचं १९६० पासूनचं भाषा संचालनालय, ऑडिओबुक्स हे पर्यायही सांगितले.

एकीने विचारलं, "सर, सुरुवातीला फुकट लिहून द्यायचं का?" नाही. नमुन्याला एखादं पान ठीक. त्यापुढे मानधन आधी ठरवा आणि ईमेलवर लिहून घ्या. 'तुझं नाव होईल' म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार.

सरावाला दोन मिनिटांचं एक दृश्य दिलंय, शुक्रवारपर्यंत संवाद लिहून पाठवायचेत. अजून कुणाला हवं असेल तर मेसेज करा.